पेंटरभाऊ

नरखेडमध्ये पेंटरभाऊंचं खरं नाव कुणाला विचारलं, तर तो आधी स्वतः आठवून पाहतो, मग शेजाऱ्याला विचारतो, आणि शेवटी दोघं मिळून निकाल देतात, "पेंटरभाऊच म्हना नं बाप्पा." यात त्या दोघांचा दोष नाही. तालुक्यातल्या किराणा दुकानांवर, कृषी केंद्रांवर, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर आणि शाळांच्या भिंतींवर पेंटरभाऊंचं अक्षर आहे. स्वतःच्या दुकानावर मात्र पाटीच नाही. का नाही, असं विचारलं की ते म्हणतात, "लिवतो ना. पैसे कोन देईन?"

दुकान दहा बाय बाराचं. आत शिरलं की आधी टर्पेंटाइनचा आणि जवसाच्या तेलाचा वास येतो, मग पेंटरभाऊ दिसतात. उंची बेताची, अंगात एकेकाळी पांढरा असलेला शर्ट, कानावर पेन्सिल, आणि चष्म्याच्या उजव्या काचेवर पांढऱ्या ऑइलपेंटचा एक थेंब. तो थेंब ते खरवडत नाहीत. "राहू द्या. चेहऱ्यावर हायलाइट कुठी द्याचा ते ध्यानात राह्यते." जवसाचं तेल ते घाण्यावरून आणतात, कारण शिशीतलं परवडत नाही. उरलेल्या जवसाची घरी चटणी होते. वहिनींचा हिशेब सरळ आहे: "अर्धं जवस चित्रात जाते, अर्धं पोटात. पोटातलं तरी कामी येते."

दुकानात बसायला एक बाकडं आहे आणि हातांची एक जुनी लाकडी खुर्ची. बाकडं गिऱ्हाइकांचं. खुर्चीवर पेंटरभाऊ स्वतः बसत नाहीत आणि दुसऱ्यालाही बसू देत नाहीत. ती चित्रातल्या माणसासाठी राखीव. पोलीस पाटील आले तरी बाकड्यावर.

एके काळी धंदा जोरात होता. निवडणूक लागली की भिंती कमी पडायच्या. मग फ्लेक्स आला. जी पाटी रंगवायला दोन दिवस लागायचे, ती मशीन चहा येईपर्यंत बाहेर टाकू लागलं, आणि वर नेत्याच्या वाढदिवसाला शुभेच्छा देणारे बावीस चेहरे फुकट. पेंटरभाऊंनी फ्लेक्सला कधी शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणाले, "बावीस तोंडं हायेत, पन एकाबी तोंडाले मान नाही."

उरलं काय, तर नंबरप्लेटा, भिंतीवरच्या सरकारी घोषणा आणि तेरवीच्या आत हवी असलेली माणसं. पोट चालतं ते यावरच. गेलेल्या माणसाचा एकच फोटो असतो, तोही कुणाच्या तरी लग्नातला, तिसऱ्या रांगेतला, अर्धा चेहरा नवरदेवाच्या मामाच्या फेट्यामागे. पेंटरभाऊ त्या फोटोवर बारीक चौकोन पाडतात, तेवढेच चौकोन कॅनव्हासवर मोठे पाडतात, आणि एकेका चौकोनातून माणूस बाहेर काढतात. मोवाडहून आलेल्या एकाकडे तर फोटोच नव्हता. 1991 च्या जुलैत वर्धा नदीचा पूर मोवाडात शिरला, दोनशेवर माणसं गेली, घरं गेली, आणि घरांबरोबर भिंतीवरचे फोटोही गेले. तो माणूस म्हणाला, "बाबाचं नाक माह्यं धरा, कपाय बहिनीचं, मिशा काकाच्या." पेंटरभाऊंनी तसंच केलं. चित्र पाहून मुलगा रडला, बहीण रडली, आणि काका आरशासमोर जाऊन मिशांवरून हात फिरवून आला.

पैसे ठरले, मुदत ठरली की प्रत्येक गिऱ्हाईक दारात थांबतं आणि वळून सांगतं, "भाऊ, थोडं गोरं करजा." पेंटरभाऊंच्या पेटीत सगळ्यात आधी संपणाऱ्या ट्यूबा दोन, बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर. पांढरी त्यांना पाटीला लागते, माणसाला नाही. गिऱ्हाईक गेलं की ते पुटपुटतात, "तीस वर्सं उन्हात उभं राहून चढला रंग. हे म्हनते दोन हातात उतरवा."

इथवरचे पेंटरभाऊ कुठल्याही तालुक्याच्या गावी भेटतील. नरखेडच्या पेंटरभाऊंना मात्र एक तत्त्व आहे, आणि त्याचा त्रास सगळ्या गावाला आहे. तरुणपणी ते नागपूरच्या चित्रकला महाविद्यालयात दीड वर्ष होते. तिथून डिप्लोमा न घेता परतले, पण एक जाडजूड पुस्तक आणि एक पक्कं मत घेऊन परतले. मत असं, की चित्र काढावं तर कष्टाच्या माणसाचं, आणि तेही जसंच्या तसं, घामासकट, ठिगळांसकट. पुस्तकात पुरावे होते. कूर्बे नावाच्या फ्रेंच चित्रकारानं 1849 मध्ये रस्त्यावर दगड फोडणारे दोघं काढले; ते चित्र दुसऱ्या महायुद्धात नष्ट झालं, तरी पेंटरभाऊंच्या पुस्तकात दगड फोडणं चालूच आहे. मिलेनं 1857 मध्ये सरवा वेचणाऱ्या तीन बाया काढल्या आणि पॅरिसच्या बड्या लोकांचं पित्त खवळलं. त्याच 1857 मध्ये मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं, हे पेंटरभाऊ अशा थाटात सांगतात, की मिलेनं आधी त्यांना विचारून तारीख धरली असावी. व्हॅन गॉगनं 1885 मध्ये दिव्याखाली बटाटे खात बसलेलं शेतकऱ्याचं घर रंगवलं, आणि ज्या हातांनी जमीन उकरली तेच हात ताटात आहेत, हे दिसलं पाहिजे, असं भावाला लिहून कळवलं. हे सांगताना पेंटरभाऊ स्वतःचे हात पुढे करतात. त्यांना हिरवं इनॅमल लागलेलं असतं.

आपल्याकडच्या चित्रकलेवरही त्यांचं निदान तयार आहे. महाराष्ट्रातलं पोर गरीब माणूस काढायला शिकतं ते एलिमेंटरीच्या परीक्षेत. स्मरणचित्राच्या पेपराला फुगेवाला काढायचा, नाहीतर भाजीवाली. चेहरा जमत नाही म्हणून पोरं दोघांनाही पाठमोरं काढतात आणि बी ग्रेड घेऊन घरी जातात. "पुढं ते पोरगं तहसीलदार होते," पेंटरभाऊ म्हणतात, "पन भाजीवाली त्याले पाठमोरीच दिसते."

तेव्हा चेहरा काढायचा, असं ठरवून ते वही घेऊन शेताच्या धुऱ्यावर जाऊन बसले. कापूस वेचणाऱ्या बायांनी आधी पदर ओढला, मग हसल्या, मग एकीनं विचारलं, "आमी उभ्या राहू, पन हजरी कोन देईन?" तेवढ्यात मालक आला. पेंटरभाऊंची वही त्याला सरकारी सर्वेक्षणाची वाटली, आणि त्यानं त्यांना विहिरीचं अनुदान कधी मिळणार ते विचारलं.

मग त्यांनी माणसांनाच दुकानात बोलवायचं ठरवलं. पहिली आली ती एक म्हातारी, तालुक्यातल्या निम्म्या शेतांत निंदण आणि वेचणी करून कंबर वाकलेली. पेंटरभाऊंनी तिला निक्षून सांगितलं होतं, कामावर येते तशीच ये. कापूस वेचताना बाया साडीवर नवऱ्याचा जुना, फुल बाह्यांचा शर्ट चढवतात, तोही घालून ये. म्हातारी आली ती पेटीतलं ठेवणीतलं लुगडं नेसून, डोक्याला तेल, तोंडाला पावडर, आणि नातसुनेचे कानातले मागून घातलेले.

"आजी, शर्ट कुठी हाये?"

"घरी. त्याले काय चित्रात याचं हाये?"

पेंटरभाऊंनी तिला पटवायला पुस्तक काढलं आणि मिलेचं पान उघडून समोर धरलं. म्हातारीनं चित्र बराच वेळ पाहिलं. वाकलेल्या तीन बाया, पुढे मोकळं रान, मागे गंज्या. मग तिनं उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हा घोड्यावर बसला, तो मुकादम व्हय ना?"

पेंटरभाऊंनी भिंग आणलं. दूर, धुरकट रंगात, खरंच घोड्यावर बसलेला एक माणूस आहे. इतकी वर्षं पुस्तक उशाशी घेऊन झोपणाऱ्या पेंटरभाऊंना तो दिसला नव्हता. म्हातारीला पहिल्या नजरेत दिसला, कारण कामावर असताना नजर आधी तिकडेच जाते. मग तिनं पुस्तक मिटून त्यांच्या हातात दिलं. "या बायायची कंबर दुखत असन. त्याईले एकडाव बसवाचं होतं न त्यानं." आणि स्वतः त्या हातांच्या खुर्चीवर पाठ टेकून बसली.

पेंटरभाऊंनी लुगड्याचा काठ रंगवला, कानातले रंगवले. पावडर तेवढी पुसायला लावली. चित्राखाली त्यांनी म्हातारीचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव आणि गाव, सगळं ठसठशीत लिहिलं. ही त्यांची स्वतःची रीत. इंग्रजांनी 1868 ते 1875 च्या दरम्यान हिंदुस्थानातल्या माणसांच्या फोटोंचे आठ खंड काढले. त्यांत बहुतेक फोटोंखाली जात आहे, जमात आहे, धंदा आहे, माणसाचं नाव शोधावं लागतं. आपल्या चित्रकार धुरंधरांनीही मुंबईच्या रस्त्यावरची माणसं काय बहारदार काढली! ती पोस्टकार्डांवर छापून घरोघर गेली, पण त्यांतल्या एकाही कामवालीचं नाव आज कुणी सांगू शकत नाही. "मोठ्या मानसाच्या फोटोखाली नाव लिवाची गरजच नसते, तरी लिवते," पेंटरभाऊ म्हणतात. "ज्याले लिवाची गरज, त्याच्याखाली लिवते 'श्रमिक'."

त्यांच्या तत्त्वाला दुसरा धक्का ग्रामपंचायतीनं दिला. गाडगेबाबांच्या नावाचं ग्रामस्वच्छता अभियान आलं तेव्हा गावोगाव बाबांची चित्रं हवी होती, आणि पेंटरभाऊंना बऱ्याच दिवसांनी धंदा दिसला. ते खुशीत होते, कारण सरकारी कचेरीच्या भिंतीवर हातात कामाचं हत्यार घेऊन उभा असलेला माणूस हा एकच. एका हातात खराटा, अंगावर चिंध्या, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. त्यांनी जीव ओतून चिंध्या रंगवल्या. एका गावच्या साहेबांनी चित्र पाहिलं आणि म्हणाले, "छान आहे. फक्त ठिगळं जरा एका मापाची घ्या. हॉलला शोभलं पाहिजे." पेंटरभाऊंनी त्या दिवशी चहा घेतला नाही. ठिगळं मात्र एका मापाची केली. बिल अडकलं होतं.

तिसरा धक्का दिला एका हमालानं, आणि तो धक्का कायमचा बसला. हे काकाजी साठीच्या घरातले. आंबिया बहाराचं फळ निघालं की ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. बगीच्यातून आलेले संत्र्याचे क्रेट ट्रकवर चढवायचे, एकावर एक, रात्री कंदील विझेपर्यंत, म्हणजे हल्ली मोबाईलची बॅटरी संपेपर्यंत. मृगाचं फळ यायच्या आधी जानेवारीत जरा उसंत मिळते. त्या उसंतीत पेंटरभाऊंनी त्यांना गाठलं. काय ते खांदे! पेंटरभाऊंना दीड वर्षात शिकवलेली सगळी शरीररचना त्या एका पाठीवर वाचता येत होती. ते म्हणाले, "काकाजी, बनियनवर बसा. खांद्यावर क्रेट घ्या. कष्टाचं सौंदर्य दिसलं पाह्यजे."

काकाजी खुर्चीवर बसले. क्रेट खाली ठेवला. "भाऊ, आमच्या घरी भिंतीवर बाबासाहेब हायेत. कोटात हायेत, टायमधी हायेत. त्यायचे काय कष्ट कमी होते? त्यायले कोनं बनियनवर काढलं काय?"

पेंटरभाऊंचा ब्रश हवेत राहिला. पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. त्यांनी पान उलटून पाहिलं, तिथे बटाटे होते.

"मंग कसं काढू?"

"कोटात. निळ्या. अन् मनगटावर घड्याय."

"किती वाजवू?"

काकाजींनी विचार केला. "एक वाजव. डबा खायाची येळ."

आता कोट कुठून आणायचा? काकाजींकडे नव्हता. पेंटरभाऊंच्या लग्नातला होता, तो उंदरांनी आणि मेहुण्यानं मिळून संपवला होता. आणि योग असा, की त्याच आठवड्यात संत्र्याचा एक मोठा व्यापारी दुकानात आला. बगीचेच्या बगीचे झाडावर असतानाच विकत घेणारा माणूस. त्यानं नवीन घर बांधलं होतं आणि हॉलच्या मोठ्या भिंतीवर त्याला स्वतःचं ऑइल पेंटिंग हवं होतं. तो बाकड्यावर बसला, खिशातून सुटाबुटातला फोटो काढला आणि म्हणाला, "चेहरा यातला घ्या. पन सूट नको. सुटात सगळेच काढते. मले बगीच्यात उभं दाखवा. डोक्याले शेला बांधला, अंगात बंडी, खांद्यावर क्रेट, अंगाले घाम. घरी येनाऱ्याले कळलं पाह्यजे, आमी मातीतून वर आलो."

मातीतून ते आले होते हे खरं, म्हणजे वडिलांचं दुकान मातीच्या भिंतीचं होतं. खांदे मात्र गादीवर बसून झालेले, मानेपासून सरळ खाली उतरणारे. त्यांवर क्रेट ठेवला असता तर तो चित्रातही घसरला असता.

पेंटरभाऊंनी रात्रभर विचार केला. एकाकडे कोट होता आणि त्याला नको होता. दुसऱ्याकडे खांदे होते आणि त्याला ते दाखवायचे नव्हते. तत्त्व म्हणून हा प्रश्न अवघड होता. चौकोन पाडून पाहिला तर अगदी सोपा निघाला. त्यांनी दोन कॅनव्हास शेजारी शेजारी लावले. व्यापाऱ्याच्या फोटोतला निळा कोट, टाय आणि खिशातला रुमाल चौकोना-चौकोनानं उचलून काकाजींच्या गळ्याखाली बसवला. कोट खांद्यात थोडा उसवावा लागला, पण रंगात शिवणकाम लवकर होतं. आणि काकाजींना तासभर बनियनवर उभं करून, हे आपलं चित्र नव्हे, फक्त अभ्यास आहे, असं सांगून, त्यांचे खांदे, दंड आणि मानेवरचा वजनाचा घट्टा व्यापाऱ्याच्या चेहऱ्याखाली उतरवला.

दोन्ही चित्रं फक्कड जमली. काकाजी कोटात असे बसले होते, की खुर्चीच त्यांची नोकरी करत होती. चेहरा जसाच्या तसा, उन्हाचा एक कवडसाही कमी न केलेला. गोरं करजा असं काकाजींनी सांगितलंच नव्हतं. घड्याळात एक वाजला होता. खाली पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव. व्यापारीही खूश. त्याच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा चित्रापुढे थांबायचा आणि म्हणायचा, "भाऊ, तरुनपनी काय तब्येत होती तुमची!" व्यापारी फक्त मंद हसायचा. पुढे पुढे त्याला स्वतःलाच ते क्रेट आठवू लागले. मजुरांना उशीर झाला तर तो म्हणे, "आमी नाही उचलले काय?"

बिंग फुटायला फार दिवस लागले नाहीत. हॉलमध्ये सोफा आत न्यायचा होता, आणि तो न्यायला काकाजींनाच बोलावलं. सोफा खाली ठेवून त्यांनी घाम पुसला, भिंतीकडे पाहिलं, आणि स्वतःच्या डाव्या दंडावरचा जुना जखमेचा व्रण व्यापाऱ्याच्या दंडावर ओळखला. तिथे ते काही बोलले नाहीत. सरळ दुकानात आले.

"भाऊ, तोंड त्यायचं हाये. खांदे माहे हायेत."

पेंटरभाऊंनी नाही म्हटलं नाही. खोटं त्यांना फक्त व्यवहारात बोलता येतं, चित्राबाबत नाही. ते म्हणाले, "काकाजी, तुमच्या चित्रात कोट त्यायचा हाये. फिट्टंफाट."

काकाजींनी डोकं हलवलं. कोट उभा राहून कुणी कमावला नाही, तो फोटोतून आला. खांदे तासभर उभे राहिले होते. उभं राहिलं की हजरी लागते, हा त्यांच्या आयुष्याचा कायदा होता आणि तो त्यांनी मिलेसाठीही बदलला नसता. भांडण झालं नाही. चहा झाला. पहिल्या चित्राची हजरी पेंटरभाऊंनी खिशातून दिली आणि पुढचा भाव ठरवून घेतला. वहिनींनी आतून ऐकलं आणि म्हणाल्या, "इतक्या वर्सांत दुकानात हिशेबाचं बोलनारा पह्यला मानूस आला."

पुढचा प्रसंग लवकरच आला. व्यापाऱ्याचा मुलगा पुण्याहून शिकून परतला होता, आणि बापाच्या शेजारी त्याचंही चित्र लागणार होतं. "माह्यासारखंच काढा," व्यापारी म्हणाला, "मातीतलं. दोघाचे खांदे सारखे दिसले पाह्यजे. खानदानी." पेंटरभाऊ म्हणाले, हो, तशी सोय आहे. पण या वेळी ते आगाऊ मागतील आणि लेखी देतील. त्यांनी वहीचा कागद फाडला, कानावरची पेन्सिल काढली आणि ज्या अक्षरात त्यांनी अख्ख्या तालुक्याची दुकानं रंगवली, त्याच सुबक अक्षरात बिल लिहून व्यापाऱ्यापुढे सरकवलं. पहिली ओळ, रंग व कॅनव्हास. दुसरी ओळ, सागवानी फ्रेम, काचेसह. तिसऱ्या ओळीपाशी व्यापारी थांबला, चष्मा लावून त्यानं ती पुन्हा वाचली: खांदे, नग 2, दर मागील सालापेक्षा वाढीव.